रुखमाचं माप अन् पॅरिसचे कोट

रुखमाचं तोंड वाईट होतं, हे आधीच सांगून ठेवतो. मागून कोणी म्हणाले नको, का बाई चांगली होती अन् लोकांनी तिले छळलं. छळलं, ते खरं. पण चांगली-बिंगली ते नोती. ऊर्जानगरच्या दुकानलाइनीत ओट्यावर तिची शिलाई मशीन होती, अन् तिथी पोलकं शिवाले गेलेली बाई एक तरी बोल खाऊनच वापस येत होती.

"मागच्या साली चौतीस होतीस, आता छत्तीस झालीस. काय खाऊन राह्यली व, नवऱ्याचा पगार?"

हे अख्ख्या लाइनीले ऐकू जाईल असं. पाच वाजता कॉलनीची बस थांबली का उतरणारे बाबू कान टवकारत. बाई लाल होऊन उभी राहे. पण पुढच्या सणाले तीच बाई कापड घेऊन हजर. काऊन का रुखमाचं पोलकं अंगावर फळाच्या सालीसारखं बसे. चंद्रपूरचे मोठे टेलर मास्तर शिवत ते वाकलं का काखेत उसवे. रुखमाचं पोलकं धान रोवताना उसवत नोतं. अन् आतून दोन्ही अंगांनी दीड-दीड बोट कापड मुडपून ठेवलेलं. त्याले दाब म्हणतात. बाई फुगली का दाब उसवायचा, टीप बाहेर सरकवायची, पोलकं आणखी तीन साल चालते. दाब न ठेवणाऱ्या शिंप्याले रुखमा चोर म्हणत होती.

बाई मूल तालुक्यातली. ते सहा सालाची होती तवा तिच्या बापानं छप्पनमध्ये धम्म घेतला अन् घरचे देव टोपल्यात भरून नदीत सोडले. देव गेले, नाव राहून गेलं. बाप म्हणे, "नाव बदलाले शाळेत अर्ज लागते, देवाले लागत नाई." शिकली चौथीपर्यंत. शिवण शिकली समाजकल्याणच्या वर्गात. लग्न होऊन दुर्गापुरात आली, नवरा लहानू कोळशावर ठेकेदाराकडे लागला, अन् एक्याऐंशी साली तिनं देवाजीच्या कापडदुकानासमोरच्या ओट्यावर मशीन टाकली.

देवाजीनं तिले काही उपकार म्हणून बसू देल्लं नाई. ज्या दुकानासमोर शिंपीण बसते तिथीच बायका पोलक्याचं कापड घेतात, एवढं त्याले समजत होतं. ओटा त्याचा नोताच. लाइन वीज केंद्राची, ओटा कॉलनीचा, परवानगी इस्टेट ऑफिसची. चार सालं त्याचं कापड अन् तिची मशीन एकमेकांच्या जिवावर चालले. ते त्याले देवाजीभाऊ म्हणे, तो तिले रुखमाबाई म्हणे. दोघांच्याही पोटात दुसऱ्याबद्दल काही गोड नोतं.

मंग कोट आले.

पंच्याऐंशीच्या डिसेंबरात देवाजीच्या साळ्यानं नागपुराहून एक लाकडी पेटी पाठवली. मुंबईच्या गोदीत जप्त झालेला माल, लिलावात सुटलेला. आत बायकांचे लोकरी कोट. फ्रान्सचे. प्रत्येक कोट जाड प्लास्टिकच्या थैलीत चिकटवून बंद, अन् कॉलरीत शिवलेल्या पट्टीवर कोणाले वाचता येत नाई अशी भाषा. वाचता येत होता तो फक्त आकडा. छत्तीस, अडतीस, चाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस.

ऊर्जानगरात तेव्हा साहेबांच्या बायका रेशमी साडीवर कोट घालून क्लबात जाण्याची नवीन हवा आली होती. थंडी एवढी काही पडत नाई आपल्याकडे. वीज केंद्राच्या चिमणीची राख पडते, तिच्यापुरता कोट चालला असता. पण सव्वीस जानेवारीले क्लबात कार्यक्रम होता, अन् मुख्य साहेबाची बायको कोटात येणार हे सगळ्यांले माहीत होतं.

"थैली खोलून दाखवा ना," कार्यकारी अभियंत्याच्या परचुरे मॅडम देवाजीले म्हणाल्या. पुण्याकडच्या बाई, चष्मा लावून कापड पाहणाऱ्या.

"नाई मॅडम. सील तुटलं का माल जुना झाला. असली पॅरिस का माल आहे. तुमाले छत्तीस येते, डोळे लावून घ्या."

"तुम्हाला कसं कळलं छत्तीस?"

"तीस साल झाले मॅडम कापडात. मानूस पाह्यला का माप डोळ्यात येते."

मॅडम हसल्या. त्यांले ते आवडलं. कोट घेऊन गेल्या. आठ दिवसांत अकरा कोट गेले. छत्तीसवालीले छत्तीस, शाळेच्या मास्तरणीले अडतीस, बँकेच्या मॅनेजरच्या बायकोले चाळीस. देवाजीनं एकीचंही माप चुकवलं नाई. डोळ्यानं पाहून. बेचाळीस अन् चव्वेचाळीस तं सगळेच पेटीत पडून राह्यले. देवाजी म्हणे, "एवढी छाती असलेली बाई आपल्या जिल्ह्यात नाई. तिकडच्या बाया हत्तिणी असतीन."

त्याच हप्त्यात त्यानं रुखमाले सांगितलं, "होळीपर्यंत मशीन उचलून घे. ओट्यावर काचेचं शोकेस टाकतो. पॅरिसचा माल दिसला पाह्यजे."

"अन् मी कुठी बसू? चिमणीवर?"

"तुमच्या लोकायचं हेच हाये. ओटा देल्ला तं घर मागता."

"माह्या लोकायनं तुह्या बापाचा ओटा नाई मागितला, देवाजी. हा कॉलनीचा आहे."

भाऊ तिथीच गळला. त्या दिवसापासून तो नुस्ता देवाजी झाला.

जानेवारीच्या दुसऱ्या हप्त्यात परचुरे मॅडम कोट घेऊन रुखमाकडे आल्या. कोट अंगात जात होता, पण समोरची बटनं लागत नोती. काखेत आवळत होता.

"सैल करून दे. पंधरवड्यात हवाय."

"दाब असंल तं होते," रुखमा म्हणाली. अन् कोट न पाहता वर आणखी बोलली, "असतेच. एवढ्या मोठ्या देशाचा शिंपी दाब ठेवल्याशिवाय राहीन का?"

इथी ते चुकली. अस्तर उसवलं, बाजूची टीप काढली, अन् आत काहीच नाई. टिपेबाहेर गव्हाच्या दाण्याएवढं कापड. लोकरीले सुईचे भोकं पडून राह्यले. तिनं टीप वापस मारली, पण बाजूनं बारीक रांग दिसू लागली, मुंग्या चालल्यावानी.

"चोर हाये साले," ते फ्रान्सच्या शिंप्याले म्हणाली. पण मॅडमले ते ऐकायचं नोतं.

"तू माझा कोट खराब केलास."

"कोट खराबच होता. तुमाले आलाच नोता."

"छत्तीस माझंच माप आहे! तूच घेतलंयस ते!"

माप रुखमानंच घेतलं होतं, मशीनीच्या डब्ब्यातल्या मापवहीत लिहिलं होतं, अन् ते बरोबर होतं. कोटावर आकडा तोच होता. तरी कोट आला नाई. तिच्या उभ्या आयुष्यात टेप अन् अंग असे भांडले नोते.

देवाजीनं तेवढ्यात साधून घेतलं. त्यानं अर्ज लिहिला: सदर शिंपीण चुकीचे माप घेते, ग्राहकांचे कपडे खराब करते, ओट्यावर आरडाओरडा करते, तरी तिची परवानगी रद्द करावी. खाली परचुरे मॅडमची सही, आणखी चार सह्या. अर्ज इस्टेट ऑफिसच्या वामनरावाकडे गेला. वामनराव दिवसाले दोन डबे पान खाणारा माणूस. त्याले भांडण नको होतं, निकाल लवकर पाह्यजे होता. त्यानं मशीनीवर नोटीस चिकटवली: शनिवारी जागेवर चौकशी.

लहानू म्हणाला, "माफी मागून टाक."

"तू माग. तुह्या कामावरून मले कोणी काढत असंल तं."

त्या बोलण्याचा काही अर्थ लागत नोता. लहानू डबा उचलून कामाले गेला.

मंगळवारी लाइन बंद असते. त्या दुपारी रुखमानं घराच्या अंगणात गोणपाट टाकलं. सैल करासाठी तिच्याकडे तोवर तीन कोट जमा होते: परचुरे मॅडम रागात टाकून गेल्या तो छत्तीस, मास्तरणीचा अडतीस, बँकेवालीचा चाळीस. तिनं तिन्हींची बटनं लावली, एकाखाली एक पसरवले, अन् छातीवरून टेप फिरवली.

छत्तीसचा कोट निघाला साडेपस्तीस इंच. अडतीसचा निघाला सदतीस. चाळीसचा अडतीस अन् वर अर्धा-पाऊण.

ते बसून राह्यली. साडीवर घालाचा कोट अंगापेक्षा तीन इंच तरी मोठा पाह्यजे, पोरीसोरीले समजते. हा तं अंगापेक्षाही लहान. बरं, लहान तं लहान, पण आकडा दोन चढला का कोट दोन इंच चढाले पाह्यजे. इथी दीडच चढे. शिंपी दाबात चोरी करते हे समजू शकते. आकड्यात काऊन करंल?

टेप गोणपाटावर पालथी पडली होती. टेपीले दोन अंग असतात. एका अंगानं इंच, दुसऱ्या अंगानं बारीक रेघा, मोठे आकडे. ते अंग तिनं वीस सालात कधी वाचलं नोतं. शिकवणाऱ्या बाईनंच सांगितलं होतं, ते सरकारी अंग आहे, आपल्या कामाचं नाई. तिनं सहज त्या अंगानं टेप टाकली.

नव्वद. चौऱ्याण्णव. अठ्ठ्याण्णव.

कोटावरचा आकडा दोन चढला का या अंगानं बरोबर चार. इकडे ना तिकडे. तवा तिले समजलं का तो आकडा इंच नाईच. तिकडच्या शिंप्यानं बायांले नंबर लावले, जसा आपण क्वार्टरले लावतो. मंग तिनं उलट्या बाजूनं हिशेब धरला. छत्तीस छातीच्या बाईले कोट पाह्यजे एकोणचाळीसच्या आसपास. तो कोणता? चाळीसचा. चौतीसवालीले अडतीस. अडतीसवालीले बेचाळीस.

म्हणजे छातीत चार घाल.

तिनं दहा वेळा तपासलं. मंग देवाजीच्या आईबापांले एकेक शिवी देल्ली अन् भात टाकाले उठली.

शनिवारी अकरा वाजता ओट्यावर वामनराव आले, मागं चपराशी खुर्ची घेऊन. देवाजी इस्त्रीच्या सदऱ्यात. परचुरे मॅडम, बँकेवाली, मास्तरीण, आणखी दोघी-तिघी. मॅडमच्या मागं त्यांची बुधरी, हातात पिशवी. बुधरी एटापल्लीकडची माडिया बाई. ठेकेदारासोबत माती फेकाले आली होती, मंग मॅडमकडे भांड्याले लागली. मराठी ते कमीच बोले, पण ऐकत होती सगळं.

"बाई, तुमचं माप चुकतं अशी तक्रार आहे," वामनराव म्हणाले.

"माह्यं माप चुकत नाई. कोट चुकला."

"कोट फ्रान्सचा आहे," देवाजी हसला. "फ्रान्सवाले चुकले अन् दुर्गापूरची बरोबर!"

ऐकणारेही हसले. रुखमानं आपल्या मशीनीखालून मॅडमचा छत्तीसचा कोट काढला, इकडे-तिकडे पाह्यलं, अन् बुधरीचा हात धरून तिले समोर ओढलं.

"बाता?" बुधरी दचकून म्हणाली. म्हणजे तिच्या माडियात, काय करून राह्यली?

"उभी राह्य." रुखमानं तिच्या छातीवरून टेप फिरवली अन् वामनरावाच्या नाकासमोर धरली. "वाचा साहेब."

"बत्तीस."

रुखमानं बुधरीच्या अंगात कोट घातला अन् खालपासून वरपर्यंत सगळी बटनं लावली. बाह्या बोटांवर आल्या, पण छातीवर कोट असा बसला जसा तिच्यासाठीच कापला. बत्तीसची बाई, छत्तीसचा कोट.

"अगं ए! माझा कोट तिला घातलास!" परचुरे मॅडम ओरडल्या. "मोलकरणीला!"

"मंग कोणाले घालू? बत्तीसची दुसरी बाई इथी कोन हाये? तुमी हाये का?"

कोणीतरी फुसकन हसलं. मॅडमच्या गळ्यावर लाल डाग उमटले.

"हा आकडा इंचाचा नाई," रुखमा म्हणाली. "त्यायचा नंबर हाये. छातीत चार घाला, तवा तिकडचा कोट निघते. तुमची छाती छत्तीस, मी लिवली ते बरोबर. तुमाले पाह्यजे चाळीस. खोल रे देवाजी, चाळीसची थैली."

"सील तुटंल," देवाजी म्हणाला. "अन् मी काऊन खोलू? हिच्या वहीतच मॅडमचं छत्तीस लिवलं हाये, मी सोता पाह्यलं, म्हनूनच तं छत्तीसचा देल्ला!"

तो बोलून गेला अन् रुखमानं टेप खाली ठेवली.

"काय पाह्यलं?"

देवाजी लगबगीनं पेटीकडे वळला.

"माही मापवही? मशीनीच्या डब्ब्यातली? मी जेवाले गेली का तू वही काढून सगळ्या बायांच्या छात्या वाचत बसे?"

परचुरे मॅडमनी चष्मा काढला. त्यांले तो दिवस आठवला असंल, माणूस पाह्यला का माप डोळ्यात येते. बँकेवालीनं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. मास्तरीण दुकानाच्या पायरीवर होती, ते उतरून खाली उभी झाली.

"देवाजीशेठ," मॅडम हळूच म्हणाल्या, "तुम्ही आमची मापं वाचलीत?"

"मॅडम, धंद्याच्या हिशेबानं... मनात काही नोतं..."

"अन् तू!" मॅडम रुखमावर वळल्या. "वही उघडी टाकून जातेस? कुलूप नाही लावता येत?"

"लाइन वीज केंद्राची, ओटा कॉलनीचा, चोर शेजारचा. कुलूप कशाकशाले लावू?"

वामनरावाले पान थुकायची घाई झाली होती. त्यानं देवाजीकडून चाळीसची थैली खोलवली. मॅडमनी साडीवरून कोट घातला. बटनं लागली. हात वर केला, काख आवळली नाई. निघताना बुधरी अंगातला कोट काढू लागली तं मॅडम म्हणाल्या, "राहू दे. तो आता मी घालणार आहे का?"

वामनरावानं तिथंच अर्जावर लिहिलं: तक्रारीत तथ्य आढळत नाही, मशीन जागेवर राहील. ओटा रहदारीचा असल्याने शोकेसला परवानगी नाही. मंग त्यानं रुखमाले दम देल्ला, "अन् तोंड आवर. पुढचा अर्ज आला तर मी कोट-बीट पाहणार नाही."

रुखमा म्हणाली, "हाव." तिनं तोंड काही आवरलं नाई, पण हाव म्हणाली.

बुधरी कोट घेऊन फागुनात गावाले गेली. बाह्या कापून फेकल्या अन् त्याच कोटात मोहफूल वेचलं, असं ते वापस आल्यावर रुखमाले सांगत होती. रुखमानं तिले शिव्या देल्ल्या, बाह्या फेकल्या काहाले, त्यात झोळी झाली असती.

देवाजी अन् रुखमा त्यानंतर बोलले नाई. आठ फुटांवर बसत, रोज, जवळजवळ दोन सालं. त्यानं ओट्यावरचा दिवा काढून आत नेला, रुखमानं उन्हाकडे तोंड करून मशीन फिरवली. तो सकाळी पाण्याची बादली अशी फेके का तिचं आसन भिजे. ते कापडाच्या चिंध्या त्याच्या उंबऱ्यात झाडून टाके. पण पेटीत कोट पडले होते अन् बायका आता देवाजीच्या डोळ्यावर इस्वास ठेवत नोत्या. बाई येई, सरळ रुखमासमोर हात वर करून उभी राहे. रुखमा माप घेई, मनातल्या मनात चार घाले, अन् दोघांच्या मधल्या सिमेंटावर खडूनं आकडा लिही. देवाजी मान वाकडी करून वाचे अन् तो कोट काढे. बाई गेली का रुखमा पायानं आकडा पुसून टाके. छातीचा आकडा त्याले कधी दिसला नाई. मापवही आता टिनाच्या डब्ब्यात, डब्ब्याले कुलूप, किल्ली रुखमाच्या गळ्यात.

असे करत करत सगळे कोट गेले. बेचाळीसही गेले. हत्तिणी निघाल्या बऱ्याच जिल्ह्यात. एक चव्वेचाळीस तेवढा राह्यला.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात देवाजीची बायको केसरबाई दुकानात आली. ते कधी येत नोती. जाड, गोरी, दम लागलेली. नवऱ्याकडे न पाहता रुखमासमोर येऊन उभी राह्यली अन् हात वर केले.

"घे व माप. पेटीतला शेवटचा हाये म्हनतात."

आत देवाजी गादीवर उठून बसला. रुखमानं टेप हातात घेतली. तिले वाटलं असंल का खोटा आकडा लिहावा, जाऊ दे बाई बिनकोटाची वापस. पण तिनं टेप नीट फिरवली, दोन बोटं आत घालून श्वास सोडाले लावला, अन् पाह्यलं. पुरी चाळीस.

तिनं खाली वाकून सिमेंटावर हातभर मोठा आकडा काढला. चव्वेचाळीस.

देवाजीनं मान वाकडी केली. वाचला. लाइनीतल्या पानवाल्यापर्यंत दिसत होता. एवढी छाती असलेली बाई आपल्या जिल्ह्यात नाई, हे त्याचंच बोलणं पानवाल्यालेही पाठ होतं. तो गादीवरून उतरला, बाहेर आला, अन् चप्पलनं आकडा पुसू लागला. खडू जाड होता, सिमेंट खडबडीत. पांढरं पसरत गेलं, आकडा काही जाईना.

दोन सालांत पहिल्यांदा रुखमा त्याच्याकडे पाहून बोलली.

"कोट काहाड आंधी. बायको हात वर करून उभी हाये."